विहीर कुणाच्या यादीत?

गिरगावात मेट्रो आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड हा साडेतेहतीस किलोमीटरचा भुयारी मार्ग पुरता सुरू झाला. आता गिरगाव स्थानकातून वर आलं की चार पावलांवर खोताची वाडी. जागेचे भाव कुठे जाणार, हे गिरगावकरांना सांगायला नको. माझा जीव मात्र विहिरीत अडकलाय.

वाडीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची ही जमीन. तिचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी विकत घेतले आणि लाकडी माड्या, बाहेरून चढणारे जिने, गल्लीला खेटलेले व्हरांडे उभे राहिले. एकेकाळी इथे ६५ घरं होती, आता तीसच्या आत उरली आहेत. ज्यांनी अनंताश्रमातलं मासळीचं ताट जेवलंय त्यांना ही वाडी जिभेवरून आठवते. ती खाणावळही बंद झाली.

ईस्ट इंडियन म्हटलं की अजूनही आपल्यातले कितीतरी जण ‘म्हणजे गोव्याचे ना?’ असं विचारतात. मला या प्रश्नाचा राग येतो. ही माणसं साष्टी, वसई, ठाण्याची, इथल्याच मातीतली. घरातली बोली मराठीची. कंपनी सरकारची आपण जुनी रयत आहोत हे ठसवण्यासाठी त्यांनी हे नाव घेतलं आणि १८८७ साली, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, आपली संस्था काढली. टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टा याच समाजाचे, माझगावच्या माथारपाखाडीतले.

या समाजाच्या लग्नात ‘उंबराचं पाणी’ असतं. लग्नाच्या आधी बायका लुगडी नेसून, बँड लावून, वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरा-नवरीच्या आंघोळीचं पाणी भरून आणतात. या रीतीला किती गोष्टी लागतात ते पाहा. विहीर लागते. विहिरीपर्यंत पायी जाता येईल अशी गल्ली लागते. वरात बघायला ओट्यावर उभे राहणारे शेजारी लागतात. विसाव्या मजल्यावरच्या नळाचं पाणीही पाणीच, पण तिथे लिफ्टमधून बँड न्यायचा कसा?

विहिरींवर हा पहिला घाला नाही. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला. हिवताप पसरवणारा डास शहरातल्या घरगुती विहिरींत वाढतो, हे त्यांनी दाखवून दिलं. शास्त्र म्हणून ते बरोबरच होतं. माणसं मरत होती, आणि नळाचं पाणी आलेलं होतं. विहिरी झाकायच्या किंवा बुजवायच्या, असं ठरलं. तेव्हा पारशी आणि हिंदूंनी धर्माचा आधार घेऊन विरोध केला. डासांच्या हिशेबात विहीर म्हणजे साचलेलं पाणी. पूजा करणाऱ्याला ती देवता. दोघंही आपापल्या जागी खरे होते. तरीही विहिरींसोबत काय काय बुजलं, याची मोजदाद करण्याचं कुणाच्या मनात आलं नाही.

रीत जागेला कशी चिकटते हे पाहायचं तर मध्य प्रदेशातल्या सावरगावला जावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात; एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मध्ये दगडांचा पाऊस. या गोटमारीत शेकडो जण जखमी होतात, जीवही गेले आहेत. तिचं समर्थन मी करणार नाही. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी ते घेतले नाहीत. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर मिळून वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या. पण त्या एका दिवशी माणूस पांढुर्ण्याचा की सावरगावचा, हे नदीच ठरवते. पात्र हलवलं तर तो प्रश्नच उरणार नाही.

आता आपल्या नियमांकडे या. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची. ती इमारतींना आणि परिसरांना श्रेणी देते. कमान, कठडा, कौलं यांची नोंद होते. दुसरीकडे पुनर्विकासाच्या नियमांत चटईक्षेत्र मोजलं जातं. ३३(७) या नियमाखाली जुन्या उपकरप्राप्त इमारतीला ३ किंवा त्याहूनही जास्त निर्देशांक मिळतो. भाडं १९४७ च्या कायद्याने अनेक दशकं गोठवलेलं, दुरुस्तीचा खर्च त्यातून निघत नाही. अशा मालकाने बिल्डरला होकार दिला तर त्याला दोष देण्याची माझी हिंमत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की दोन्ही हिशेबांत ओटा, गल्ली आणि विहीर या तिन्हींना जोडणाऱ्या वरातीला रकानाच नाही. मुंबईतल्या कोणत्याही वाडीचा किंवा गावठाणाचा नकाशा मंजुरीला जाण्याआधी तिथल्या वरातीची वाट त्यावर काढलेली असावी. ती वाट तुटत असेल तर नकाशा परत जावा.

चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ सालची. २०२५ मध्ये तिला तीनशे वर्षं झाली. आजूबाजूला सगळं शहर उलटंपालटं झालं, पण पारशी लोक अजून तिथे येतात, प्रार्थना करतात, आणि विहिरीला अजून गोडं पाणी आहे.