विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास आला तर?

वणी तालुक्यातले राजूर म्हणजे कोळसा, चुनाभट्ट्या आणि ट्रकांची वर्दळ. जिथे ट्रक तिथे डिझेलच्या टाक्या, गॅरेज आणि जळके ऑइल आलेच. हे जमिनीत झिरपले तर विहिरीपर्यंत पोहोचू शकते. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात 2013 साली जमिनीखालच्या वाहिनीतून गळलेले इंधन लोकांच्या बोअरमध्ये उतरले होते. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले.

राजूर परिसरातल्या चुनखडकाला भेगा असतात. भेगांतून पाणी लवकर पुढे सरकते. म्हणून गळती एकीकडे आणि वास दुसऱ्याच विहिरीला, असे होऊ शकते. शिवाय पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलके. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की ते मातीला चिकटून राहते, पावसाळ्यात पाणी चढले की पुन्हा त्यात मिसळते. वास गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे समजू नका.

पाण्यावर रंगीत तवंग दिसला तर काडीने हलवून पाहा. त्याचे तुकडे पडून वेगळे राहिले तर तो बहुधा लोहाचा असतो. लगेच पुन्हा जुळला तर तेलाचा संशय घ्यावा.

पेट्रोलमधल्या बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम ठरवली आहे. इतके थोडे बेंझिन नाकाला कळत नाही. म्हणून एका विहिरीला वास आला तर शेजारच्या बिनवासाच्या विहिरीही तपासून घ्याव्यात.

गावात पाणी तपासायच्या किटवर फ्लोराइड, नायट्रेट, क्षार कळतात. यवतमाळ जिल्ह्यात फ्लोराइडचा त्रास जुना आहे, ती तपासणी हवीच. पण त्या किटवर तेल कळत नाही. ‘पाणी पिण्यायोग्य’ असा शेरा मिळाला तरी तेलाचा प्रश्न उरतोच.

मग काय करावे?

• वास येताच ते पाणी पिणे आणि स्वयंपाकाला वापरणे थांबवा. उकळून तेल जाईल या भरवशावर राहू नका; वाफ घरातच पसरते. तुरटी आणि साधे गाळणे उपयोगाचे नाही.

• विहिरीजवळ विडी, काडी पेटवू नका. आत कोणी उतरू नये.

• विहारात बैठक घेऊन कोणत्या विहिरीला, कोणत्या तारखेपासून वास आहे, जवळ टाकी किंवा गॅरेज कुठे आहे, याची यादी करा.

• ग्रामपंचायत, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा यांना लेखी अर्ज द्या. आपल्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात ‘खनिज तेल आणि बेंझिनची तपासणी’ असे स्पष्ट लिहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम आहे. अहवाल येईपर्यंत टँकर मागा.

• नमुना घेताना हजर राहा. नमुना काचेच्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, बर्फात ठेवून न्यावा लागतो. प्लास्टिकच्या अर्ध्या बाटलीतला नमुना खरे सांगत नाही.

• नुसते पाणी पुरत नाही. संशयाच्या जागेजवळ वेगवेगळ्या खोलीवरची माती, तसेच उताराच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या विहिरींचे पाणी तपासायला सांगा. गळती कुठून आली, ते त्यावरूनच कळते. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर पुन्हा एकदा तपासणी मागा.

अहवालाची प्रत मागून घ्या आणि विहारात सर्वांसमोर वाचा. आपण काय पितो, हे वस्तीतल्या प्रत्येकाला कळलेच पाहिजे.