बोटभर पक्षी, हातभर लेन्स

पक्ष्यांचे फोटो काढतो असे सांगितले की पुण्यात हमखास प्रश्न येतो, "मग भिगवणला जात असाल?" जातो की! पण रोहित हा मोठा, उघड्या पाण्यात उभा राहणारा पक्षी. तुम्ही चहा पिऊन परत आलात तरी तो तिथेच असतो. खरी परीक्षा घेतात ते वेताळ टेकडीवरचे, पाषाण तलावाकाठच्या झुडपांतले आणि अंगणातल्या जास्वंदीवरचे बोटभर पक्षी. शिंपी, शिंजीर, वटवट्या, चष्मेवाला, फुलटोच्या ही ती मंडळी.

थोडे गणित सांगतो, कंटाळू नका. जांभळा शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १० सेंटीमीटर. तो १० मीटरवर बसला आहे आणि तुमच्याकडे ४०० मिलिमीटरची लेन्स आहे. फिल्मवर त्याची प्रतिमा उमटते अवघी ४ मिलिमीटरची, आणि चौकट असते ३६ मिलिमीटर रुंद. बाकी सगळ्या फांद्या! प्रतिमा दुप्पट हवी तर अंतर निम्मे करायला हवे. पण ५ मीटरवर, लेन्सचे छिद्र बऱ्यापैकी उघडे ठेवले तर, जेमतेम ५ सेंटीमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. डोळा स्पष्ट आला तर शेपटी धूसर. त्यातून हे महाशय एका जागी दोन सेकंद बसत नाहीत. पूर्वी ३६ फोटोंचा रोल धुऊन आला की कळायचे, फांद्या उत्तम आल्या आहेत. डिजिटल कॅमेऱ्याने रोलचा खर्च वाचवला. फांद्यांचे फोटो आता जास्तच निघतात.

प्रकाशाचीही गंमत आहे. शिंजिराच्या नराची विणीच्या काळातली जांभळी झळाळी रंगद्रव्याची नसते. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो, म्हणून ती दिसते. ऊन तुमच्या पाठीशी नसेल तर फोटोत नुसता काळा ठिपका येतो.

तेव्हा जवळ जायचे कसे? सगळ्यात सोपी वाट घरट्याची. पक्षी तिथे पुन्हा पुन्हा येणारच. त्या वाटेने मीही गेलो आहे. आमच्याच सोसायटीच्या बागेत, पावसाळ्याच्या तोंडावर, शिंप्याने अंजिराची दोन पाने शिवून घरटे केले होते. आत तीन पिल्ले. पुढे एक पान आडवे येत होते. मी ते दोऱ्याने बाजूला बांधले, तासभर फोटो काढले आणि दोरा सोडला. ओढलेले पान पुन्हा पहिल्यासारखे बसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते आणि जोडी शेजारच्या कुंपणावर ओरडत होती. पिल्ले भारद्वाजाने नेली की मांजराने, सांगता येणार नाही. आडोसा मात्र मी काढला होता. तो फोटो लोकांना फार आवडतो. कसा काढला, हे मी बरीच वर्षे कुणाला सांगितले नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे. पक्ष्यांच्या घरट्यांना वा अंड्यांना उपद्रव देणे त्या व्याख्येतच येते, हे मी नंतर वाचले. हातात बंदूक लागत नाही. ध्वनिमुद्रित शीळ वाजवून नराला बोलावणे हाही त्याच पठडीतला प्रकार. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो चरणे सोडून भांडायला धावतो, आणि आपण त्याला 'छान पोज दिली' म्हणतो.

आता मी पक्ष्याऐवजी झाड शोधतो. फुलटोच्या जेमतेम ८ सेंटीमीटरचा, मळकट राखी. शोधू गेलात तर फक्त 'चिक चिक' ऐकू येईल. पण त्याचा जीव बांडगुळाच्या फळांवर. टेकडीच्या पायथ्याशी एका जुन्या आंब्यावर बांडगूळ आहे. त्याला फळे धरली की मी मळक्या रंगाचा शर्ट घालून, तिकाटणे रोवून, स्टुलावर बसतो. पहिले दोन दिवस पक्षी लांबून पाहून जातो. एकदा त्याने मला झाडाचा भाग मानले, की चार-पाच मीटरवर येतो. फळ गिळतो आणि थोड्या वेळाने त्याची चिकट बी अंगाबाहेर पडली, की ती फांदीवर पुसून टाकतो. तिथेच नवे बांडगूळ रुजते. आंब्याच्या मालकाला हे कौतुक सांगू नये.

गेल्या वेळी तिसऱ्या सकाळी, साडेआठच्या सुमारास, तो बी पुसत असतानाचा एक फोटो मिळाला. शेपटी धूसर आहे.