दुकानाची मराठी

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या विहारातल्या ग्रंथालयात रोज संध्याकाळी एकच वाद रंगतो : या इंग्रजी वाक्याला मराठीत काय म्हणायचे? निमित्त पुस्तकांच्या दुकानाचे. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर आम्ही पुस्तके मांडून बसतो. वर्षातले ते चार-सहा दिवस पुस्तके हातोहात जातात, एरवी गठ्ठे तसेच. म्हणून इंटरनेटवर दुकान काढायचे ठरले आणि त्यासाठी ‘ओपनकार्ट’ ही प्रणाली घेतली. तिचा परवाना मुक्त आहे. पैसे पडत नाहीत, आतली रचना वाचता येते, बदलताही येते.

तिची सारी वाक्ये भाषेच्या वेगळ्या फायलींत असतात. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे यंत्राची खूण, उजवीकडे अवतरणात गिऱ्हाइकाला दिसणारे वाक्य. डावीकडे हात लावायचा नाही. ओळीच्या शेवटचा अर्धविराम सुटला तर पान उघडतच नाही, हे आम्ही दोनदा अनुभवले. जिथे आकडा यायचा तिथे टक्क्याचे चिन्ह आणि ‘एस’ असते. मूळ वाक्य ‘इतके नग, इतकी रक्कम’ या क्रमाचे. आम्ही मराठीत रक्कम आधी घेतली. यंत्र आपले क्रमानेच भरत गेले. पडद्यावर आले : ‘रक्कम ३, पुस्तके ४५० रुपये’. हशा पिकला.

काही वाक्यांना मात्र कोणी हसले नाही. पोरांनी घाईत यंत्राकडून भाषांतर करून घेतले होते. त्यात ‘तुझी गाडी रिकामी आहे’ असे निघाले. गाडीची पिशवी करणे सोपे होते. पण इंग्रजीतल्या एकाच शब्दात ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ सगळेच बसतात, आणि यंत्राने ‘तू’ उचलला. आमच्यातल्या एका निवृत्त बाई म्हणाल्या, “माझ्या आजोबांना गावात शेंबडे पोरही अरेतुरे करायचे. ते आपल्याच दुकानात नको.” झाले, सगळी फाईल ‘आपण’ने पुन्हा लिहिली.

कारभाराच्या बाजूला एक वाक्य आहे. ज्याला अधिकार नाही त्याने पान उघडले की ते दिसते. सरळ भाषांतर ‘आपल्याला येथे प्रवेशाची परवानगी नाही’. वाक्य चुकीचे नाही. पण २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात ज्यांच्या घरचे लोक सत्याग्रहाला बसले, त्यांना ते कसे वाचवेल? आम्ही लिहिले : ‘हे पान दुकानाचे काम पाहणाऱ्यांसाठी आहे.’

खरे घोडे अडले ते आडनावापाशी. मागणीच्या अर्जात नाव आणि आडनाव अशा दोन जागा. आडनाव रिकामे ठेवले की यंत्र बजावते, ते १ ते ३२ अक्षरांचे असलेच पाहिजे. (काना, मात्रा, वेलांटी यंत्र वेगळी मोजते, ‘सिद्धार्थ’ची ९ अक्षरे होतात.) मराठी मुलखात आडनाव विचारणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. भाड्याच्या खोलीची बोलणी कुठे येऊन थांबतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. तरुण मंडळी म्हणाली, जागाच काढून टाका. एक उपासिका भडकल्या : “बाबासाहेबांची पुस्तके विकायची आणि नाव लपवायचे? मी माझे आडनाव ठळक लिहीन.” तिसरी अडचण व्यवहाराची. पोस्टमन घर ओळखतो ते आडनावानेच.

वाद चार संध्याकाळी चालला. नुसते वाक्य बदलून भागणार नव्हते, कारण सक्ती भाषेच्या फायलीत नसून तपासणीच्या फायलीत होती. प्रणाली खुली असल्यामुळे तीही उघडता आली. सक्ती काढली आणि जागेवर लिहिले : ‘आडनाव (वाटल्यास)’.

पहिल्या मागण्यांपैकी काहींत ती जागा रिकामीच आली. एक पार्सल परत आले. घर सापडले नाही. त्या बाईंना आम्ही फोन केला, पोस्टमनला शेजारी विचारायला सांगू का म्हणून. त्या घाईने म्हणाल्या, “नको, गल्लीत कुणाला विचारू नका. मीच पोस्टात जाऊन घेईन.”