गळ, दुर्बीण आणि सुट्टीतली उमेदवारी

गावच्या तळ्यावर सकाळच्या वेळी गेलात, तर दोघे जण तुम्हाला हमखास भेटतील. एक, काठावर गळ टाकून बसलेला माणूस. आणि दुसरा, त्याच्यापासून थोड्या अंतरावर मान आखडून उभा असलेला बगळा. दोघांचेही डोळे पाण्यावर आणि दोघांचा उद्योगही एकच. माणूस बगळ्याकडे पाहत नाही आणि बगळाही माणसाला फारसा मोजत नाही. पण जाताना माणसाने गळाचा तुटका दोरा काठावर टाकला आणि त्याचा गुंता बगळ्याच्या पायात अडकला, म्हणजे समजते की या दोघांचा संबंध आहे. तो संबंध नीट राहावा म्हणून काय करता येईल, हा आजचा आपला विषय. गोष्ट अमेरिकेतल्या एका तळ्याची आहे. पण शेवटी आपण आपल्याच तळ्यावर येऊन थांबणार आहोत.

सुताराच्या हाताखाली पोरगा वर्षभर राबतो, रंधा धरायला शिकतो. त्याला आपण उमेदवारी म्हणतो. अमेरिकेत कॉलेजच्या मुलामुलींना उन्हाळ्याची लांब सुट्टी असते, आणि त्या सुट्टीत पुष्कळ जण अशीच उमेदवारी करतात. हल्ली आपल्याकडेही 'इंटर्नशिप' हा शब्द रुळला आहे, तीच ही. कोणी कचेरीत जातो, कोणी दवाखान्यात, तर कोणी चक्क बागेत आणि रानात. १९५५ साली एलिझाबेथ कुशमन या विद्यार्थिनीने कॉलेजच्या प्रबंधात अशी कल्पना मांडली की, राष्ट्रीय उद्यानांची निगा राखण्याच्या कामात विद्यार्थ्यांना सामील करून घ्यावे. दोनच वर्षांनी, १९५७ साली, विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकड्या ऑलिंपिक आणि ग्रँड टेटन या उद्यानांत कामाला गेल्या. पुढे हा प्रघात शहरांतल्या बागांपर्यंत पोचला. त्यातले एक काम मोठे गमतीचे आहे: लोकांना तळ्याकाठी जमवायचे, त्यांना मासे धरायला शिकवायचे आणि पक्षी पाहायलाही शिकवायचे.

न्यूयॉर्क शहराच्या मधोमध सेंट्रल पार्क नावाची सुमारे ८४३ एकरांची बाग आहे. तिच्या ईशान्य कोपऱ्यात हार्लेम मीर हे तळे आहे. 'मीर' हा डच शब्द; त्याचा अर्थच मुळी तळे. तळे सुमारे ११ एकरांचे. शेजारी हार्लेम ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. बागेचा हा कोपरा कितीतरी वर्षे दुर्लक्षित होता. तळे गाळाने भरले होते. पुढे गाळ उपसला, काठ दुरुस्त केले आणि १९९३ साली तळ्याकाठी लोकांसाठी एक केंद्र उघडले. तेव्हापासून तिथे येणाऱ्या मुलांना मासे धरायची काठी उसनी देण्याची रीत पडली. आमिष म्हणून मक्याचे दाणे मिळत. अट एकच: धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडायचा.

आता तुम्ही म्हणाल, मासा धरायचा आणि सोडून द्यायचा, हा कसला खेळ? तुमचे म्हणणे बरोबर आहे. आपल्याकडे मासेमारी हा पोटाचा धंदा आहे; कोळी आणि भोई बांधवांचे संसार त्यावर चालतात. पण लाखो लोकांच्या शहरात ११ एकरांचे एक तळे, आणि ज्याने त्याने मासा घरी नेला तर तळ्यात काय उरेल? म्हणून तिथे तो नियम. आणि नियम केला म्हणजे तो कोणीतरी शिकवायलाही हवा. इथेच आपल्या उमेदवाराचे काम सुरू होते.

समजा, दहा वर्षांची एक मुलगी आजीबरोबर अशा तळ्यावर आली आहे. तिने मासा फक्त ताटात पाहिलेला. उमेदवार तिला आधी सांगतो, गळ फेकण्यापूर्वी मागे वळून बघ, कोणी उभे नाही ना. गळाचा उलटा काटा त्याने आधीच चिमट्याने दाबून सपाट केलेला असतो, म्हणजे माशाच्या तोंडातून गळ अलगद निघतो. आणि चुकून बोटात रुतला तर तिथूनही निघतो. मासा लागला की तो म्हणतो, थांब, आधी हात ओले कर. का बरे? माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याचे रोगापासून रक्षण करतो. कोरड्या हाताने धरले की तो थर निघून जातो. आणि हे सारे सकाळीच उरकायचे, कारण दुपारी पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, मासा आधीच धापा टाकत असतो. शिक्षकांनी ध्यानात घ्यावे, की विज्ञानाच्या पुस्तकातले दोन धडे इथे पाच मिनिटांत झाले आणि मुलगी ते जन्मात विसरणार नाही.

पण खरी कसोटी पुढे आहे. गळाचा दोरा गुंतला, कापून टाकावा लागला. तो काठावर फेकायचा की खिशात घालायचा? हा दोरा नायलॉनसारख्या धाग्याचा असतो. तो सुतळीसारखा कुजत नाही, वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. पक्ष्याच्या पायाला त्याचा फास बसला की तो जसा ओढील तसा आवळत जातो. पंखात अडकला तर पक्षी उडू शकत नाही आणि उपाशी मरतो.

दुसरा शत्रू शिशाचा. गळ बुडावा म्हणून दोऱ्याला शिशाचे मणी लावतात. काही पाणपक्षी अन्न दळले जावे म्हणून बारीक खडे गिळतात, त्यांच्या पोटात एक जातेच असते म्हणा ना! खड्यांबरोबर शिशाचा मणी पोटात गेला की त्याचे विष अंगात भिनते, आणि एकदोन मणीही पक्ष्याला मारायला पुरतात. इंग्लंडात यामुळे हंस मोठ्या संख्येने मरू लागले, तेव्हा १९८७ साली तिथे गळाच्या बहुतेक शिशावर बंदी आली आणि हंसांची संख्या पुन्हा सावरली. न्यूयॉर्क राज्यानेही २००४ साली अर्ध्या औंसापर्यंतच्या, म्हणजे सुमारे १४ ग्रॅमपर्यंतच्या, शिशाच्या वजनांची विक्री बंद केली.

कायदा झाला, पाटीही लागली. पण पाटी वाचतो कोण? शेजारी उभा असलेला तरुण म्हणतो, "ताई, तो दोरा माझ्याकडे दे," आणि लगेच दुर्बीण तिच्या हातात देऊन पलीकडच्या झाडातला पक्षी दाखवतो. राखी अंग, काळी टोपी, लाल डोळा. हा रातबगळा. दिवसा पेंगतो आणि तिन्हीसांजेला मासे धरायला निघतो. ज्याच्या पायात तो दोरा अडकला असता, तो हा! ती मुलगी पुढे दोरा फेकणार नाही. गळ आणि दुर्बीण एकाच हातात देण्याचे मर्म हे आहे. आणि मंडळी, हाच रातबगळा आपल्याकडेही तळ्याकाठच्या झाडांवर राहतो बरे का.

आपल्या ओळखीचे आणखी एक नाव त्या तळ्याच्या कथेत येते. आपली मरळ तुम्ही जाणता. चवीला उत्तम, आणि पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरणारी. तिचीच एक चुलत बहीण, चीनकडची, हार्लेम मीरमध्ये सापडली. ती तिथली नव्हे; तिला तिथे आवर घालणारे कोणी नाही आणि स्थानिक मासे मात्र ती फस्त करते. म्हणून २०१३ साली तळ्याकाठी सूचना लागल्या की हा मासा लागला तर पुन्हा पाण्यात सोडू नका, कळवा. म्हणजे जिथे प्रत्येक मासा सोडायचा, तिथे हा एक सोडायचा नाही! मासा वाईट नसतो. तो चुकीच्या पाण्यात वाईट ठरतो. आपल्याकडे आफ्रिकन मागूर पाळायला बंदी आहे, त्यामागचे कारणही असेच आहे.

पक्षी दाखवण्याचीही एक रीत आहे. नवशिक्याला आधी नाव सांगायचे नाही. पक्षी चिमणीएवढा की कावळ्याएवढा, चोच कशी, पाय किती लांब, तो पाण्यात उभा आहे की झाडावर, हे विचारायचे, नाव शेवटी. आणि जे दिसले ते तारीख, वेळ आणि संख्येसह वहीत लिहायचे. या वहीला कमी लेखू नका. अमेरिकेत पूर्वी नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन पक्षी मारायची चढाओढ लागे. १९०० साली फ्रँक चॅपमन यांनी सुचवले की, मारण्याऐवजी मोजू या. पहिल्या वर्षी २७ माणसे मोजायला निघाली. एक ठिकाण हेच सेंट्रल पार्क होते. ती गणना आजतागायत चालू आहे, आणि कोणता पक्षी घटला, कोणता वाढला, हे तिच्यामुळे सांगता येते.

आता आपल्या तळ्यावर येऊ. हे आपल्याला परके आहे असे समजू नका. उजनीच्या जलाशयावर, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला, मच्छीमार बांधव हिवाळ्यात आपल्या होड्यांतून लोकांना रोहित पक्षी दाखवायला नेतात. गळ आणि दुर्बीण तिथेही एकाच माणसापाशी आली आहेत. मग मे महिन्याच्या सुट्टीत प्रत्येक गावात का येऊ नयेत? थंडीचे पाहुणे तेव्हा परत गेलेले असतात हे खरे. पण ढोकरी, खंड्या, पाणकावळा आणि टिटवी घरचीच आहेत.

गुरुजींनी आणि बाईंनी एवढे करावे. आठवी-नववीतले किंवा कॉलेजात गेलेले दोन उमेदवार निवडावेत. तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल तर आधी तिची परवानगी घ्यावी, आणि तिच्यातल्याच एखाद्या जाणत्या वडीलधाऱ्याला पहिले गुरू करावे. पाण्याचे ज्ञान त्याच्यापाशी आहे, पुस्तकात नाही. पोहता येणारा मोठा माणूस आणि एक लांब दोर जवळ असल्याशिवाय मुलांना काठावर नेऊ नये. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, ती खड्यांसारखीच दिसतात. म्हणून पाऊल जपून टाकावे आणि अंड्यांना हात लावू नये. दुर्बीण नसली तरी अडत नाही, डोळे पुरतात. आणि निघताना काठावरचा दोरा, जाळ्यांचे तुकडे गोळा करून एका डब्यात भरावेत.

वरवर पाहता काम लहान आहे. पण त्या दोन उमेदवारांचे काय होते ते पाहा. जे त्यांना ठाऊक होते, ते लहान मुलाला समजेल असे सांगावे लागले. म्हाताऱ्या भोयाचे ऐकून घ्यावे लागले. आणि तळे हे कोणा एकाचे नाही हे रोज दोन तास डोळ्यांसमोर दिसले. पुढे ते शेतकरी होवोत, शिक्षक होवोत की सरपंच होवोत, तळ्याचा प्रश्न निघेल तेव्हा ते गप्प बसणार नाहीत.

तर उद्या सकाळी तळ्यावर जा. बगळा जागेवर असेलच. त्याच्या पायाजवळ एखादा दोरा पडलेला दिसला तर उचला, आणि उचलताना शेजारच्या मुलाला तो का उचलला तेही सांगा. उमेदवारी तिथूनच सुरू होते.