सुईखाली काय असतं?

हात पुढे करा, तळवा वर ठेवा आणि मूठ आवळून मनगट जरा आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोन ताठ शिरा वर येतील. शरीरशास्त्रात त्या स्नायूंच्या कंडरा. (काही जणांच्या हातात यातली एक जन्मतःच नसते, त्यामुळे सापडली नाही तर घाबरू नये.) आता मनगटाच्या घडीपासून कोपराकडे आपलीच तीन बोटं आडवी ठेवा. ती जिथे संपतात तिथे, दोन कंडरांच्या मधे, ॲक्युपंक्चर या चिनी सुई-उपचारातला ‘नेइगुआन’ हा बिंदू असतो. त्याच्या बरोबर खाली मीडियन नर्व्ह जाते. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या बिंदूचा सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे आणि त्याचा उपयोगही दिसला आहे.

मोजमापाची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. माप रोग्याच्याच बोटांचं असतं, म्हणून ते लहान मुलालाही चालतं आणि धिप्पाड माणसालाही. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं आणि नडगीच्या धारेपासून बोटभर बाहेर गेलं की ‘झुसान्ली’ सापडतो. तिथे जाड स्नायू असतो आणि त्याच्या खोलात पाय वर उचलणारी नस.

असे ३६१ बिंदू प्रमाण मानले जातात. ते १४ मेरिडियनवर, म्हणजे शरीरभर आखलेल्या वाटांवर बसवलेले आहेत. मात्र शवविच्छेदनात या वाटांची नळी किंवा दोरी कधी सापडलेली नाही. जुन्या वैद्यांनी अनुभव लक्षात ठेवायला आखलेला तो नकाशा आहे, असं माझं मत. बिंदूंखालच्या नसा, स्नायू आणि त्यांची आवरणं मात्र खरी आहेत. सुई फिरवली की भोवतालचे तंतू तिला गुंडाळतात, आत जड ठणक उठते आणि वेदना दाबणारी शरीराची स्वतःची रसायनं सुटतात.

ही विद्या आपल्याकडे आली तिचा धागा १९३८ च्या भारतीय वैद्यकीय पथकापर्यंत जातो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर त्या पथकातून चीनला गेले. कोटणीस शल्यचिकित्सक होते, १९४२ साली तिथेच वारले. त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, सुया शिकले आणि कोलकात्यात त्यांनी हे उपचार सुरू केले. महाराष्ट्राने तर २०१५ चा स्वतंत्र ॲक्युपंक्चर कायदाच केला.

जालना जिल्ह्यातल्या केदारखेड्याच्या शिवारात दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईची कंबर धरली, तर तिला याचा उपयोग होईल का? जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली आले. सहा महिन्यांनी ॲक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांना आराम होता. नेहमीच्या औषध-व्यायामाने तो २७.४ टक्क्यांना मिळाला. आणि बिंदू सोडून भलतीकडेच वरवर सुया टोचलेल्यांना? ४४.२ टक्के! म्हणजे सुईने बरं वाटतं, पण नेमक्या बिंदूचा वाटा वाटतो तितका मोठा नाही. बिंदूंच्या नावावर मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याची हमी देणाऱ्याकडे म्हणूनच जाऊ नये. उपचार घेणाऱ्याने हे आकडे विचारावेत, त्याचा तो हक्क आहे.

नेम महत्त्वाचा आहे तो धोका टाळण्यासाठी. खांद्यावर, मान आणि दंडाच्या मधोमध ‘जियानजिंग’ आहे. खांदा भरून आला की हात आपसूक जातो तीच जागा. फुप्फुसाचं टोक तिथे पहिल्या बरगडीच्याही वर आलेलं असतं, आणि सुई खोल गेली तर छातीत हवा शिरून श्वास कोंडतो. सुई टोचणाऱ्याला ॲक्युपंक्चर परिषदेची नोंदणी विचारा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, कारण वापरलेल्या सुईतून कावीळ ब पसरते. आणि कंबरदुखीसोबत पाय लुळा पडत असेल, लघवी अडत असेल, तर सुयांची वाट न पाहता त्याच दिवशी जालन्याचं मोठं रुग्णालय गाठा.