एंजिनाच्या होडीची शर्यत

श्रावण लागला आणि कृष्णामाई दुथडी भरून वाहूं लागली, म्हणजे सांगलीच्या घाटावर होड्यांच्या शर्यतींसाठीं माणसांची रीघ लागते. सांगलीवाडी, कसबे डिग्रज, समडोळी, कवठेपिरान अशा गांवांच्या होड्या पाण्यांत उतरतात, वल्हीं एका तालांत पडूं लागतात, आणि १९२९ सालच्या आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून उभा असलेला लहानगाहि आपल्या गांवाचें नांव घेऊन ओरडूं लागतो. अशाच एका शर्यतीच्या वेळीं आमच्याबरोबर आलेल्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, परदेशांत म्हणे होड्यांना एंजिन लावून शर्यती करतात. एंजिनच जर होडी ओढतें, तर जिंकतो कोण? माणूस कीं एंजिन?"

प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर घाटावर उभ्या उभ्या देतां येण्यासारखें नव्हतें. म्हणून तें येथें सविस्तर देण्याचें योजिलें आहे. विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या पालकांनींहि हा लेख वाचावा अशी आमची विनंति आहे. कारण शेवटीं जो मुद्दा आम्ही मांडणार आहों, तो नदीकांठच्या प्रत्येक घराचा आहे.

प्रथम हें एंजिन म्हणजे काय तें पाहूं. मोठ्या बोटीचें यंत्र तिच्या पोटांत असतें, व त्याचा दांडा तळांतून बाहेर पडून पंखा फिरवितो. लहान होडीला हा खटाटोप परवडत नाहीं. तिच्यासाठीं एंजिन, उभा दांडा आणि पाण्यांतील पंखा एकाच सांगाड्यांत बसवून तो सांगाडा होडीच्या मागच्या फळीला बाहेरून आवळतात. यासच आउटबोर्ड एंजिन म्हणतात. त्याची खुबी अशी कीं, त्याला निराळें सुकाणूं लागत नाहीं. सगळें एंजिनच डावीउजवीकडे वळतें. पंखा पाणी ज्या बाजूला लोटतो, तिच्या उलट बाजूला होडीचा मागचा भाग ढकलला जातो, आणि होडी वळते. पाणी उथळ लागलें तर एंजिन तिरपें करून पंखा वर उचलतां येतो. काम संपल्यावर पेच सैल करून लहान एंजिन उचलावें आणि घरीं न्यावें.

अशीं एंजिनें कांहीं जणांनीं आधींहि बनविलीं होतीं. परंतु त्यांना घरोघर नेण्याचें श्रेय ओले एव्हिनरूड या कारागिराला देतात. तो १८७७ सालीं नॉर्वेंत जन्मला व लहानपणींच अमेरिकेंत गेला. १९०९ सालीं मिल्वॉकी शहरांत त्यानें जें एंजिन विक्रीस काढलें, तें अवघ्या दीड अश्वशक्तीचें असून त्याचें वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारें २८ किलो होतें. त्याविषयीं अशी गोष्ट सांगतात कीं, एका उन्हाळ्यांत तळ्याकांठीं वनभोजनास गेले असतां त्याच्या बेस नांवाच्या मैत्रिणीस आइस्क्रीम खाण्याची इच्छा झाली. ओलेनें वल्हीं मारीत जाऊन तें आणलें खरें, परंतु परत पोंचेपर्यंत तें वितळून गेलें! गोष्ट थोडी रंगविलेली असेल. पण घामाघूम झालेल्या वल्हेकऱ्याच्या मनांत यंत्राचा विचार यावा, हें आपल्या नावाड्यांनाहि पटेल. पुढें हीच बेस त्याची पत्नी झाली, आणि कारखान्याचा व्यवहार तिनेंच सांभाळला.

मोटारबोटींच्या शर्यती याहूनहि जुन्या आहेत. अमेरिकेंतील त्यांची मुख्य संघटना १९०३ सालीं स्थापन झाली. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें साउथॅम्प्टनजवळच्या पाण्यांत अशा तीन शर्यती झाल्या. त्यानंतर मात्र या खेळाला ऑलिंपिकचें पदक पुन्हां ठेवलें गेलें नाहीं. १९२२ सालीं या खेळाचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. परंतु त्या काळच्या मोठ्या मोटारबोटी म्हणजे श्रीमंतांची चैन होती. बाहेरून लावावयाच्या लहान एंजिनानें तो दरवाजा सर्वसामान्यांना उघडून दिला. १९३० च्या सुमारास अमेरिकेंतील महाविद्यालयांचे विद्यार्थीहि आपसांत अशा शर्यती लावूं लागले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर हा हौशी लोकांचा खेळ होऊन बसला.

तो हौशी लोकांचा कसा झाला, याचें रहस्य 'वर्ग' या एका शब्दांत आहे. आपल्याकडे कुस्तीच्या आखाड्यांत पन्नास किलोच्या पोराची नव्वद किलोच्या पैलवानाशीं जोड कोणी लावीत नाहीं. हाच न्याय येथें लावलेला आहे. एंजिनाच्या सिलिंडरमध्यें दट्ट्या जेवढी जागा व्यापीत खालींवर होतो, तिच्या मापावरून एंजिनांचे लहानमोठे वर्ग पाडतात. होडीचे दोन प्रकार निराळे धरतात. एक साध्या तळाची. दुसरी वेगांत असतां तळाखालीं हवा घेऊन पाण्यावर जवळजवळ तरंगत जाणारी. शिवाय होडी, एंजिन आणि चालक यांचें मिळून किमान वजन ठरलेलें असतें. चालक सडपातळ असेल, तर होडींत वजन ठेवून तें भरून काढावें लागतें. कांहीं वर्गांत एंजिन कारखान्यांतून आलें तसेंच ठेवण्याचा दंडक आहे. शर्यत संपल्यावर पंच जिंकलेलें एंजिन उघडून पाहतात, आणि त्यांत फेरफार आढळल्यास पहिला आलेलाहि बाद होतो.

मुलांसाठीं निराळा वर्ग आहे. अमेरिकेंतील त्या वर्गांत ९ ते १५ वर्षांचीं मुलें भाग घेतात, व एंजिनाचा जोर मर्यादित राहावा म्हणून त्याच्या मार्गांत मुद्दाम अडथळा बसवितात. या सर्वांमुळें पैशानें वेग विकत घेण्याची सोय फारशी उरत नाहीं. जेथें पैशाची चढाओढ थांबते, तेथें खेळणाऱ्यांची संख्या वाढते, हा सर्वच खेळांचा अनुभव आहे. मुलगा व मुलगी एकाच पाण्यांत उतरतात, वडील एंजिनाचे पेच आवळतात, आणि सुटीचा दिवस सगळें घर मिळून तळ्याकांठीं घालवितें.

आतां शर्यत कशी होते तें सांगतों. पाण्यावर तरंगते टप्पे ठेवून फेऱ्यांचा मार्ग आंखलेला असतो, आणि बहुधा तीन फेऱ्यांत शर्यतीचा निकाल लागतो. वाहत्या वा हलत्या पाण्यांत होड्या एका ओळींत उभ्या करणें कठीण. म्हणून कांठावर एक मोठें घड्याळ लावतात. शेवटचें मिनिट सुरू झालें कीं होड्या लांबून वेग घेत येतात, व कांटा शून्यावर पोंचेल त्याच क्षणीं रेषा ओलांडण्याचा प्रयत्न करितात. क्षणभर आधीं ओलांडली तर होडी बाद; क्षणभर उशीर झाला तर पुढच्यांनीं उसळविलेलें पाणी तोंडावर! लहान वर्गांत चालक गुडघ्यांवर बसतो, आणि वळणावर आपल्या अंगाचा भार इकडून तिकडे टाकून होडीचा तोल सांभाळतो. होडीला गाडीसारखा ब्रेक नसतो. म्हणून वळण येण्यापूर्वींच त्याचा विचार करावा लागतो.

यावरून आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर सहज निघतें. सर्वांचें एंजिन सारखें, सर्वांचें वजन सारखें. मग उरतें काय? नजर, अंदाज, शरीराचा तोल आणि नियमाचा धाक. जिंकतो तो माणूसच.

आपल्या देशांतहि या शर्यतींचे कांहीं मोठे सोहळे झाले. २०१७ च्या मार्च महिन्यांत मुंबईस मरीन ड्राइव्हसमोरच्या समुद्रांत एकाच बनावटीच्या, २५० अश्वशक्तीचें आउटबोर्ड एंजिन लावलेल्या बोटींची शर्यत झाली. २०१८ च्या नोव्हेंबरांत तर जगज्जेतेपदाच्या मालिकेंतील एक शर्यत आंध्र प्रदेशांत विजयवाड्याजवळ झाली. ती ज्या पाण्यावर झाली तें पाणी कोणतें? आपल्या कृष्णेचेंच! महाबळेश्वरीं उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगली करीत जी नदी सुमारें १,४०० किलोमीटर वाहत जाते, तिच्या खालच्या अंगाला ताशीं २०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या होड्या धांवल्या. परंतु असे सोहळे पाहण्याचे असतात. त्यांनीं आपल्या मुलांच्या हातीं विद्या येत नाहीं. ती विद्या लहान एंजिनाच्या, लहान होडीच्या, हौशी वर्गांतच मिळते.

आणि ही विद्या आपणांस हवी आहे. सातारा जिल्ह्यांत कोयनेच्या शिवसागर जलाशयामुळें बामणोली, तापोळा या भागांत एंजिनाची होडी रोजच्या जाण्यायेण्याची झाली आहे. मुनावळें येथें २०२४ सालीं जलक्रीडेचें केंद्रहि सुरू झालें. सांगलीकडे मात्र हें एंजिन लोकांच्या नीट परिचयाचें झालें तें पुरांत. पूर्वीं सांगड बांधून, किंवा गुळाच्या काहिलींत बसून लोक पूर ओलांडीत. २०१९ च्या ऑगस्टांत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असतां पाणी सुमारें ५७ फुटांवर गेलें, आणि गल्लीगल्लींतून एंजिन लावलेल्या रबरी होड्या फिरूं लागल्या. त्यांनीं हजारों जीव बाहेर काढले. परंतु त्याच पुरांत, ८ ऑगस्ट रोजीं, पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें माणसांना सुरक्षित जागीं नेणारी होडी उलटली, आणि अनेक स्त्रीपुरुष व लहान मुलें बुडालीं. होडींत तिच्या ताकदीपेक्षां अधिक माणसें होतीं. भीतीनें दाटलेल्या त्या माणसांना कोण दोष देईल? पण त्या दिवसाची आठवण नुसती हळहळण्यासाठीं ठेवूं नये.

हौशी शर्यतीचे नियम पुन्हां आठवून पाहा. अंगांत तरंगणारें जाकीट आणि डोक्यावर शिरस्त्राण असल्यावांचून कोणी होडींत पाऊल ठेवीत नाहीं. होडीचें वजन मोजलेलें असतें. चालकाच्या जाकिटाला वा मनगटाला एक दोरी बांधलेली असते. तो पाण्यांत पडला तर ती दोरी सुटून एंजिन आपोआप बंद पडतें, आणि फिरत्या पंख्यापासून त्याचा जीव वांचतो. दहा वर्षांचा मुलगा हे नियम खेळतां खेळतां अंगीं बाणवून घेतो. असा मुलगा मोठा झाल्यावर पुराच्या पाण्यांत होडी चालवील, तेव्हां तो आधीं माणसें मोजील, जाकिटें मोजील, आणि पाण्याखालीं ऊंस वा तारा असतील असें वाटतांच पंखा वर उचलील. धीर आणि सवय या दोन गोष्टी पूर आल्यावर शिकतां येत नाहींत.

पालक म्हणतील, "आम्ही तर मुलांना पाण्याजवळ जाऊं नको म्हणून सांगतों." ही काळजी रास्त आहे. परंतु २०१९ सालीं मुलें पाण्याजवळ गेलीं नव्हतीं. पाणीच घराजवळ आलें होतें. म्हणून आमची सूचना क्रमाची आहे. आधीं पोहणें, मग वल्हें, आणि त्यानंतरच जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं एंजिन. ज्या घाटावर वल्ह्यांच्या शर्यती होतात, तेथें जुने नावाडी आहेत. पाण्याची ओढ आणि भोंवरा ओळखण्याचें ज्ञान त्यांच्याइतकें कोणत्याहि पुस्तकांत नाहीं. यांत्रिक होडीची नोंदणी व तपासणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानें आवश्यक केली आहे, हेंहि विसरूं नये. शिवाय कृष्णेचें पाणी आपण पितों. जुन्या धाटणीच्या एंजिनांतून निघणारें तेल त्यांत मिसळणें योग्य नव्हे. या अडचणीवरहि जग उपाय शोधीत आहे, आणि विजेवर चालणाऱ्या होड्यांची एक आंतरराष्ट्रीय शर्यतमाला २०२४ पासून सुरू झाली आहे.

वल्ह्यांची शर्यत ही आपल्या नदीची शोभा आहे, ती तशीच राहावी. तिच्या जोडीला एंजिनाची शिस्तबद्ध विद्या आली, तर ती शोभेपेक्षां अधिक उपयोगाची होईल. घाटावर प्रश्न विचारणाऱ्या आमच्या त्या विद्यार्थ्यानें सध्यां पोहणें शिकावयास आरंभ केला आहे. आम्ही त्याला सांगितलें आहे कीं, शर्यतींत पहिला येशील तेव्हां आम्ही टाळ्या वाजवूंच; पण पुरांत होडी सुखरूप कांठाला लावशील, तेव्हां टाळ्या वाजविण्याचें कोणाला सुचणारहि नाहीं, आणि खरी जिंकलेली शर्यत तीच असेल.