शेक मध्येच थांबवू नका : रेडिएशनमध्ये दिवसांचा हिशेब

मागच्या महिन्यात एक पालक मुलीच्या रजेचा अर्ज घेऊन शाळेत आले. त्यांच्या अब्बांना तोंडाचा कॅन्सर आहे. मुंबईत शेक, म्हणजे रेडिएशन, चालू होते. एकूण ३३ शेक, त्यातले २० झाले होते. म्हणाले, "सर, अब्बांच्या तोंडात छाले आलेत, पाणीसुद्धा गिळवत नाही. त्यात घरात निकाह. दहा दिवस गावी नेतो, ताकद आली की उरलेले १३ घेऊ. शेक तर तेवढेच होणार ना?"

शेक तेवढेच होतील, पण असर तेवढा राहणार नाही. का, ते समजून घेऊ.

रोज थोडा-थोडाच का देतात?

किरणांचा मार पेशीच्या डीएनएवर बसतो. निरोगी पेशी ही मोडतोड काही तासांत बरीचशी दुरुस्त करते. कॅन्सरच्या पेशीला ते तितकं नीट जमत नाही. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये क्लॉडियस रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. एकदम मोठा डोस दिला की मेंढ्याची कातडी जळायची. तेच काम अनेक दिवसांत विभागून केलं, तर वृषणातल्या वेगाने वाढणाऱ्या पेशी मरायच्या आणि कातडी बरीचशी वाचायची. त्यातूनच आजची पद्धत आली. तोंड-घशाच्या कॅन्सरला साधारण रोज २ ग्रे (डोस मोजायचं एकक), आठवड्यात पाच दिवस, सहा ते सात आठवडे. शनिवार-रविवारची सुट्टी या हिशेबात आधीच धरलेली असते.

मशीनखाली जास्त वेळ म्हणजे जास्त डोस?

नाही. आत गेल्यावर बराच वेळ पेशंटला नीट झोपवण्यात जातो. प्रत्यक्ष किरण सहसा काही मिनिटंच चालतात. कोबाल्टच्या मशीनमधली ताकद दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते, म्हणून जुन्या कोबाल्टवर तोच डोस द्यायला जास्त मिनिटं लागतात. शेजारच्याला पाच मिनिटं आणि आपल्याला दहा लागली म्हणून घाबरू नये. एकच शेक फार रेंगाळला, तर कॅन्सरच्या काही पेशी तेवढ्यात दुरुस्तीला लागू शकतात. पण रोजच्या उपचारात मिनिटांपेक्षा दिवसांचा फरक मोठा असतो.

चार आठवड्यांनंतर काय होतं?

शेतात अर्धी खुरपणी करून सोडली की उरलेलं तण जोमाने वाढतं. गाठीचंही तसंच. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या आठवड्यापासून, मारातून वाचलेल्या पेशी आधीपेक्षा वेगाने वाढू लागतात. मग रोजच्या डोसातला काही भाग ही नवी वाढ मारण्यातच खर्च होतो. उपचार एक दिवस लांबला, तर गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने, कधी थोडी जास्तच, कमी होते. दहा दिवसांचा हिशेब आपणच करा. आमच्या त्या पालकांचे २० शेक, म्हणजे नेमके चार आठवडे झाले होते. थांबायला याहून वाईट वेळ नाही.

उलट बाजूही पाहा. डेन्मार्कमध्ये १९९२ ते १९९९ या काळात सुमारे १,५०० रुग्णांवर अभ्यास झाला. डोस सर्वांना सारखाच होता. काहींना आठवड्यात पाच शेक, काहींना सहा, म्हणजे उपचार आठवडाभर आधी संपला. पाच वर्षांनी गाठ आटोक्यात राहिलेले रुग्ण पहिल्या गटात ६० टक्के, दुसऱ्यात ७० टक्के.

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्येही बाहेरचा आणि आतला शेक मिळून उपचार आठ आठवड्यांत संपवावा, असं डॉक्टर सांगतात. स्तन किंवा प्रोस्टेटच्या काही गाठी सावकाश वाढतात, तिथे खंडाचा फटका कमी असतो. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही.

घरच्यांनी काय करावं?

- निकाह, ईद, परीक्षा, जे काही मध्ये येतंय ते पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.
- छाले आले, गिळता येत नाही, तर घरी बसू नका. औषध आहे, गरज पडली तर नळीने अन्न देता येतं.
- रमजानमध्ये शेक पुढे ढकलू नका. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे, गाठ मात्र थांबत नाही.
- महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद शेक सुरू होण्याआधीच पूर्ण करा.
- मशीन बंद पडलं किंवा दिवस चुकला, तर "भरपाई कशी करणार?" हे विचारा. कधी सुट्टीच्या दिवशी, कधी एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन शेक देतात.

त्या पालकांनी त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. छाल्यांवर औषध मिळालं, नळी घातली, शेक चालू राहिले. निकाहला घरचे गेले, अब्बा आणि एक मुलगा मुंबईत थांबले. नवरा-नवरीने व्हिडिओ कॉलवर सलाम केला. ३३वा शेक ठरलेल्या दिवशीच झाला.